तो तुकडा तुझ्याकडेच होता

उत्पला,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मी बोलले. तीन-चार मिनिटं बोलले असेन. पन्नाशीच्या दोन बायका प्लास्टिकच्या गिटारी गळ्यात अडकवून टीव्हीसमोर कशा उभ्या राहायच्या ते सांगितलं, तेव्हा तुझ्या ऑफिसमधली माणसं डोळे पुसता पुसता हसली. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते मी गाळलं, आणि खाली बसताना मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज दोन दिवस जात नाहीये. म्हणून हे लिहायला बसले.

आपली ओळख लिफ्टमधली. दिल्लीत, सरोजिनी नगरच्या नव्या सरकारी क्वार्टर्समध्ये तू सहाव्या मजल्यावर, मी नवव्या. यांची बदली गुवाहाटीला झाली होती आणि संध्याकाळी घरी परतायला मला कारण उरलं नव्हतं. तुझे अशोकराव जाऊन तीन वर्षं झाली होती, लेक यशोधरा नोकरीला बेंगळुरूला गेली होती. एक दिवस तू लिफ्टमध्ये सरळ विचारलंस, "तुम्हाला गाण्यातलं कळतं का?"

"नाही हो."

"कंप्यूटरमधलं?"

"ते कळतं. आकडेवारीच्या खात्यात आहे मी."

"चलो मग. चहाला या, एक काम आहे."

काम म्हणजे यशोधराचा मागे राहिलेला खेळ. दोन खोट्या गिटारी, तारांच्या जागी पाच रंगांची बटणं. गाणं सुरू झालं की पडद्यावरून रंगीत ठिपके खाली सरकत येतात, ठिपका रेषेवर आला की त्या रंगाचं बटण दाबायचं. वेळेवर दाबलं तर गुण, चुकलं तर खट्ट असा आवाज, आणि फार चुकलं की गाणं मध्येच बंद. यशोधराने जाताना तुला सांगितलं होतं की यात आपल्या आवडीची गाणीही घालता येतात, फक्त प्रत्येक सुराचा ठिपका आपण बसवायचा. तुला सूर ऐकू येत होते, ठिपके बसवता येत नव्हते. माझं उलट होतं.

अमरावतीला कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात तू खरी गिटार वाजवायचीस. लग्नानंतर दिल्लीत आलीस, नोकरी, यशोधरा, मग सेक्शन ऑफिसर झालीस, आणि गिटार भावाकडे राहिली ती राहिलीच. म्हणून तुला गाणी हवी होती ती दोन गिटारींची, ज्यात एक पुढे चालते आणि दुसरी तिला धरून असते. मला तर एकच गिटार ऐकू यायची. तू इयरफोनचं एक टोक तुझ्या कानात घातलंस, दुसरं माझ्या. "तुझ्या कानात आहे ती दुसरी. आधी तिच्यामागे जा. पहिली आपोआप सापडेल." सोफ्यावर एका वायरला बांधल्यासारख्या आपण बसलो होतो, आणि चौथ्या की पाचव्या वेळी मला ती ऐकू आली. मागे, खालच्या पट्टीत, अजिबात घाई नसलेली. पन्नास वर्षं गाणी ऐकून मला हे माहीत नव्हतं की तिथे आणखी कुणी आहे. ते तू मला दिलंस. त्याबद्दलही कधी नीट बोलले नाही.

आपण भांडायचो ते ठिपके वाटण्यावरून. दोन्ही गिटारी एकदम वाजतात तिथे कुणाचं काय घ्यायचं? मी म्हणायचे, सगळं घेतलं तर वाजवता येणार नाही, थोडं गाळू. तू म्हणायचीस, "बिल्कुल नाही. कुणीतरी वाजवलंय ना ते? मग ते आपल्या दोघींपैकी एकीकडे यायलाच हवं."

"अगं, पाच बटणं आहेत आणि आपली बोटं ही अशी."

"बोटं शिकतील. गाणं कमी करायचं नाही."

एका गाण्याला तीन-तीन आठवडे लागायचे. तू पेन्सिलने कागदावर लिहून द्यायचीस, पहिली गिटार वर, दुसरी खाली, आणि मी लॅपटॉपवर एकेक ठिपका बसवायचे. ऑफिसचं टिपण तपासावं तसं तू ते तपासायचीस. फाइल पूर्ण झाली की एक प्रत यशोधराला जायची. मग वाजवायला उभ्या. पहिली गिटार तुझी, दुसरी माझी. तू माझ्याहून कितीतरी चांगली होतीस. मी चुकले की तू मान न वळवता म्हणायचीस, "चालू ठेव, मंजू, चालू ठेव."

मग तुझी बोटं सुजायला लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. संधिवात निघाला, आठवड्याला घ्यायच्या कडक गोळ्या सुरू झाल्या. तू कॉलनीत कुणाला सांगितलं नाहीस. ऑफिसात सही वाकडी येते तेही लपवलंस. मला फक्त म्हणालीस, "वाजवणं सोडायचं नाही आपण."

पण गाणं बंद पडायला लागलं. तुझ्या भागात जलद तुकडे असायचे, वरून खाली उतरत येणारे. तिथे तुझी बोटं मागे राहायची, खट्ट खट्ट व्हायचं आणि पडदा लाल होऊन दोघींचंही गाणं थांबायचं. तू म्हणायचीस, पुन्हा. पुन्हा तिथेच थांबायचं. एका संध्याकाळी आठ वेळा.

त्या रात्री घरी जाऊन मी फाइल उघडली आणि तो उतरणारा तुकडा तुझ्या भागातून काढून माझ्या भागात टाकला. तुझ्याकडे ठेवले चार मोठे ठिपके, दमाने दाबता येतील असे. मला वाटलं, सांगितलं तर तुला लागेल. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मला गाणं पूर्ण व्हायला हवं होतं. दिवसभर मी त्या अर्ध्या तासाची वाट बघायचे, आणि तो रोज अर्ध्यात तुटायचा, त्याचा मला तुझ्यावर राग यायला लागला होता. तुझ्या दुखण्यावर नाही, तुझ्यावर.

दुसऱ्या दिवशी गाणं शेवटपर्यंत गेलं. तू गिटार खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस. किती खूश झालीस. मग म्हणालीस, "मंजू, तो उतरणारा तुकडा माझ्याकडे होता ना गं?"

"नाही. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे."

"अच्छा," तू म्हणालीस. अंगठ्याने दुसऱ्या हाताची बोटं चोळत थोडा वेळ पडद्याकडे बघितलंस. "मला वाटलं माझ्याकडे होता."

तिथे सांगता आलं असतं. चहा घेता घेता, हसत सांगता आलं असतं. मी कप धुवायला उठले.

मार्च ते सप्टेंबर मी हे करत राहिले. एकेका गाण्यातून एकेक अवघड जागा उचलायची आणि माझ्याकडे घ्यायची. तुला संशय यायचा. कान तुझे होते, मी बसवलेला ठिपका चुकला तर तुला स्वयंपाकघरातून कळायचं. तू अजून दोनदा विचारलंस. तिसऱ्या वेळी मी हसून म्हणाले, "उत्पला, तुझं डोकं असतं कुठे आजकाल?" त्यानंतर तू विचारणं बंद केलंस.

आणि हे कुणाला सांगवत नाही, पण तुला सांगायला हवं. मला ते आवडायला लागलं. अवघड तुकडे माझ्या हातात आले, मी ते घोटून घोटून बसवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्यापेक्षा बरी वाजवत होते. तू कौतुकाने म्हणायचीस, "काय हात बसलाय तुझा." मी ते कौतुक घेतलं.

ऑक्टोबरात आपल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. जानेवारीत पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला, बस नेण्यापलीकडे आपलं मंडळ काही करत नाही, पण यंदा हॉल घेतला होता. तू मला न विचारता आपली नावं दिलीस. "रोज पूर्ण गुण मिळतात आपल्याला, लोकांना दाखवू की." यशोधरा सुट्टी काढून आली. मला कळत होतं की हे थांबवायला हवं. मी तेवढ्यासाठी दोनदा सहाव्या मजल्यावर आले आणि दोन्ही वेळा साडी कोणती नेसायची यावर बोलून परत गेले.

हॉलमध्ये माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलाच जाईना. यशोधरा म्हणाली, "मावशी, माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत सगळी गाणी. आईने पाठवली होती ना." तिने तिचा जोडला. मला तेव्हाही लक्षात आलं नाही. गाणं सुरू झालं, पडद्याच्या उजव्या अर्ध्यात माझे ठिपके यायला लागले, आणि ते फार कमी होते. जुनी फाइल होती ती. आपण दोघींनी मिळून बनवलेली, काहीही न उचललेली.

उतरणाऱ्या तुकड्यापर्यंत पाऊण मिनिट होतं. माझ्या गिटारीवर गाणं थांबवायचं बटण होतं. मी ते दाबलं नाही. मी स्वतःला सांगत होते की कदाचित जमेल तुला.

तुझ्या बाजूला ठिपके पावसासारखे पडायला लागले. तू पहिले दोन पकडलेस. मग खट्ट, खट्ट, खट्ट, हॉलच्या मोठ्या स्पीकरवर. लाल पडदा. गाणं बंद. कुणीतरी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या, त्या आणखी वाईट वाटल्या. मी माइक ओढला आणि म्हणाले, "लॅपटॉप बदलला ना, त्याचा प्रॉब्लेम आहे."

तू माझ्या हातातून माइक घेतलास. "मंजिरी मला सांभाळून घेतेय," तू म्हणालीस. "लॅपटॉप ठीक आहे. माझ्या बोटांना संधिवात आहे, दीड वर्ष झालं. वाजवता येईल असं वाटलं होतं, नाही आलं. पुढचा कार्यक्रम घ्या."

इतक्या महिन्यांचं लपवलेलं तू दीडशे माणसांसमोर सांगितलंस, आणि मला चांगली म्हणून सांगितलंस.

घरी आल्यावर यशोधरा मैत्रिणीकडे गेली. तू दोन्ही लॅपटॉप टेबलावर शेजारी ठेवलेस आणि दोन्ही फाइली उघडल्यास. ओळीन् ओळ मिळवून बघितलीस. मी समोर बसले होते. मग चष्मा काढलास.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"सगळ्या गाण्यांत?"

"बहुतेक."

मला वाटलं ओरडशील. तू म्हणालीस, "मी डॉक्टरांना विचारून आले, मंजू. या गोळ्यांनी विसरायला होतं का म्हणून. त्यांनी डोक्याची तपासणी करायला सांगितली. ती पण केली. यशूला फोनवर सांगितलं, मला हल्ली आठवत नाही. ऑफिसात प्रत्येक कागद दोनदा वाचते मी, आठवणीवर भरवसा नाही म्हणून."

तू चष्मा मिटून टेबलावर ठेवलास.

"मला वाटत होतं, बोटं गेली तर गेली, आता डोकंही चाललंय."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं," मी म्हणाले. एवढंच सुचलं. त्याऐवजी गप्प बसले असते तरी बरं.

"जुनी फाइल टाक. उद्यापासून त्यावरच वाजवू."

"होणार नाही तुझ्याने."

"मग नाही होणार. पण काय होत नाहीये ते मला दिसू दे. ते तरी माझं आहे."

तू मला घालवून दिलं नाहीस. आठवडाभर आपण जुन्या फाइलवर वाजवलं, रोज त्याच जागी थांबलो, आणि तू प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचीस, पुन्हा. मलाच ते सहन झालं नाही. मी ऑफिसचं कारण सांगितलं, मग खोकल्याचं, मग हे गुवाहाटीहून आल्याचं. नोव्हेंबरात तू दोनदा फोन केलास. मी "येते गं" म्हणाले. तीन मजले होते मध्ये.

मग दिल्लीची ती धुरकट हवा बसली. गोळ्यांनी तुझी ताकद आधीच कमी केली होती. छातीत जंतुसंसर्ग झाला, यशोधरा धावत आली, नऊ दिवसांत सगळं संपलं. मी हॉस्पिटलमध्ये एकदाच आले. टॉवरची लिफ्ट बिघडलीय, सोसायटीने नोटीस लावलीय, असलं काहीतरी सांगत बसले. तू ऑक्सिजनचा मास्क थोडा बाजूला केलास. "यशूला काही सांगू नकोस," तू म्हणालीस. "त्या फाइलींचं. तुझ्याशिवाय दिल्लीत कोण आहे तिला?"

मी मान डोलावली. माफी मागायला आले होते, आणि तू मला तुझी लेक देऊन टाकलीस. माफी तशीच राहिली. हाही माझा पळपुटेपणाच. तुझा शब्द पाळायचा म्हणून गप्प राहणं मला किती सोयीचं होतं ते तुला माहीत असेल.

म्हणून परवा मी फक्त गमती सांगितल्या. माझ्यानंतर यशोधरा उठली. पांढरा कुर्ता, हातात कागद, पण तो तिने वाचला नाही. ती म्हणाली, "आई शेवटी शेवटी थोडं विसरायला लागली होती. तिला माहीत होतं ते, फोनवर सांगायची. तरी मी हॉलमध्ये सगळ्यांसमोर माझ्या लॅपटॉपवरून ते गाणं सुरू केलं. तिने बोटांचं कारण सांगितलं, पण आईला तिचाच पार्ट आठवला नाही. मी तेव्हा विचार करायला हवा होता. माझ्यामुळे तिला सगळ्यांसमोर..." तुझ्या भावाने तिला धरून खाली बसवलं. तो म्हणाला, "हो, मलाही म्हणाली होती ती विसरण्याचं."

उत्पला, हे तुला माहीत नव्हतं. तू मला वाचवायला गप्प राहिलीस, आणि ते सगळं पोरीने स्वतःवर घेतलं. आणि तुझी आठवण काढणारी सगळी माणसं आता एक अशी उत्पला आठवतायत जी विसरायला लागली होती. अशी उत्पला नव्हतीच. ती मी बनवली.

आपले वाद बरेच अर्धे राहिले, त्यात हा शेवटचा. यशूला सांगू नकोस म्हणालीस, या एका गोष्टीत मी तुझं ऐकलं नाही.

काल सकाळी सहाव्या मजल्यावर गेले. यशोधरा तुझ्या कपाटातले कपडे घड्या करून पिशव्यांत भरत होती. मी बसलेसुद्धा नाही. दारातच उभी राहून सगळं सांगितलं, मार्चपासून हॉस्पिटलपर्यंत. डोकं कुठे असतं म्हणाले होते तेही. मला तुकडे माझ्याकडे असणं आवडायला लागलं होतं तेही. हातातला स्वेटर तिने हळूहळू खाली ठेवला.

"मतलब आई काहीच विसरत नव्हती?"

"नाही."

"आणि तिला कळलं होतं? जाण्याआधी?"

"हॉलमधून आल्यावर लगेच कळलं. तुला सांगू नकोस म्हणाली, म्हणजे मी तुला..." ते वाक्य मी पूर्ण केलं नाही. स्वतःच्या बाजूचं झालं असतं ते.

ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. तुझ्यासारखीच बघते. मग म्हणाली, "मावशी, मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाहीये."

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि चपला घालायला वाकले. तिने फोन उचलला होता. बाहेर निघून जायला हवं होतं, पण मी तिथेच थांबले.

"मामा, यशू बोलतेय. ऐक ना, काल मी जे बोलले ना आईचं, विसरण्याचं, ते चूक होतं. नाही, डॉक्टरांचं काही नाही. तिला सगळं आठवत होतं. शेवटपर्यंत." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "कसं काय ते नंतर सांगते. तू फक्त घरी सगळ्यांना सांग. आजीला पण."

मग तिने दुसरा नंबर लावला, तुझ्या ऑफिसातल्या बाईंचा, हिंदीत. मग तिसरा. परवा जे जे आले होते त्यांची यादी तिच्याजवळ होती, आणि ती एकेक नाव घेऊन तेच सांगत होती, तेच वाक्य, आवाज चढू न देता. तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसून ते सगळे फोन संपेपर्यंत ऐकले. शेवटचा झाल्यावर तिने आतून दार लावून घेतलं, आणि मी उठून वर आले.